अष्टमीचा पास्ता

शुभे, तुझ्या उठावन्याला, तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, तुझा दीर माईक हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनींनी आयुष्यात कधी अंड्याला हात लावला नाही." धर्मशाळेचा अख्खा हॉल माना डोलवायला लागला. मी बायकांच्या बाजूला मागे बसले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. हात लावला नाही? अगं, माझ्या देवासच्या ओट्यावर तू अंडी फोडत होतीस, कवचाचे तुकडे बोटानं काढताना मला शिव्या घालत होतीस, आणि इथे धारमध्ये तुझी आरती चाललेली!

तो तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, "गुडघे दुखत होते तरी दर अष्टमीला देवासला टेकडीवर देवीच्या दर्शनाला जायच्या. ऐसी भक्ती आजकल कुठं बघायला मिळते?" माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला उठून सांगावंसं वाटलं की बाई, दर्शन दहा मिनिटांत उरकायची ही. रोपवेनं वर, रोपवेनं खाली, आणि मग रिक्षा करून थेट माझ्या स्वयंपाकघरात. दर्शन आधी, कारण अंडं फोडलेल्या हातांनी देवीपुढे जायचं नाही, असा तुझा नियम.

पण मी गप्प बसले. तू मला शपथ घातली होतीस ना, त्याच देवीची. "मंगे, रेवतीला कळता कामा नये. कुणालाच कळता कामा नये." तू मोकळी झालीस आणि शपथ राहिली माझ्या गळ्यात.

रेवती समोरच बसली होती, भिंतीला टेकून. तुझी एकुलती एक लेक. मांडीवर पाण्याची बाटली, इंदूरला विमानतळावर विकत घेतलेली. आईच्या उठावन्याला आलेली पोर, स्वतःच्या घरचं पाणी न पिता बसलेली. सगळ्यांना वाटलं असेल की बंगळुरूला राहते, बाहेरचं पाणी चालत नसेल तिला. मला माहीत होतं ती बाटली कसली आहे.

तू विसरली असशील असं मी म्हणणार नाही, कारण तू ते एकही दिवस विसरली नाहीस. पोर पुण्याला हॉस्टेलला होती, दिवाळीला घरी आलेली. तिकडे मैत्रिणींबरोबर ती एक इटालियन प्रकार शिकली होती. स्पॅगेटी, अंडी, किसलेलं चीज, मिरपूड. बस, इतकंच. मूळच्या कृतीत मांस असतं म्हणे, ते तिनं आपणहून वगळलं होतं. घराची तेवढी जाण होती तिला. तुमच्या स्वयंपाकघरातही गेली नाही ती. गच्चीवर शेगडी नेली, स्वतःचा नवा पॅन, स्वतःच्या दोन ताटल्या. आणि मोठ्या हौसेनं एक ताटली घेऊन खाली आली, "आई, एकदा चव तर घे."

सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. तू त्यांच्याकडे बघितलंस. आणि मग ताटली घेतलीस, वर जाऊन पॅन घेतलास, आणि गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर दोन्ही भिरकावून आलीस. इतकंही समजू शकते मी. माणसाचं डोकं फिरतं. पण परत येऊन सगळ्यांदेखत म्हणालीस, "आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको मला."

तुझीच लेक ती. नाकावर राग. त्या दिवसापासून ती सणावारी यायची, आजीच्या पाया पडायची, तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची, पण घरातलं पाणीसुद्धा प्यायली नाही. बाटली बरोबर. कधी भांडली नाही, कधी ओरडली नाही. तू पुरणपोळी वाढलीस तर म्हणायची, "पोट भरलंय गं आई." आणि तू मुकाट्यानं ताट उचलायचीस. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तूच मला म्हणाली होतीस.

मग एका अष्टमीला तू माझ्या दारात उभी. कपाळाला देवीचं कुंकू, हातात नारळ. मी म्हटलं, चहा टाकते. तर तू म्हणतेस, "मंगे, तुमच्याकडे अंडी होतात ना घरी?"

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या सासरी काय, मटणाशिवाय रविवार जात नाही, तुला ते चांगलं ठाऊक. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू महिनाभर माझ्या घरी राहिलीस, घर सांभाळलंस, यांचे डबे केलेस, माझं न्हाणंधुणं केलंस सख्ख्या बहिणीनं करावं तसं. पण अंड्याचा तवा तेवढा चिमट्यानं उचलून मोरीत ठेवायचीस. मी पलंगावरून बघून हसायचे आणि टाके दुखायचे. ते दिवस तू काढलेस म्हणून मी उठून उभी राहिले, हे मी कधी विसरले नाही. म्हणूनच त्या अष्टमीला काही न विचारता फ्रिजमधून अंडी काढली.

पण देवा, काय छळलंस तू मला! पहिल्या दिवशी तू स्पॅगेटी मोडून छोटे तुकडे केलेस, शेवयांच्या उपम्याला करतात तसे. मी म्हटलं, अगं मोडायची नसते. "मग खायची कशी?" दुसऱ्या खेपेला फोडणी केलीस. मोहरी, जिरं, कढीपत्ता! वरून जिरावण मसाला आणि मूठभर सेव. का, तर आपल्या माळव्यात सेव घातल्याशिवाय घास उतरत नाही. आमच्या यांनी मात्र मिटक्या मारत खाल्लं. म्हणाले, "शुभाताई, ही तर पोह्यांची बहीण आहे." तू रडवेली झालीस आणि हे घाबरून टीव्हीसमोर जाऊन बसले.

फोडणी सुटली तुझी, सेवही सुटली. सुटली नाही ती एकच गोष्ट. वाफ.

तुला किती वेळा सांगितलं मी. मोबाईलवरच्या व्हिडिओत बघितलेलं होतं, कृती मला पाठ झाली होती. अंडी आणि चीज वाडग्यात फेटायचं, मिरपूड घालायची. स्पॅगेटी उकडली की थोडं पाणी बाजूला ठेवायचं. मग गॅस बंद. पूर्ण बंद. आणि त्या गरम स्पॅगेटीवर अंडं ओतून भराभर हलवायचं, लागेल तसं ते पाणी घालायचं. स्पॅगेटीच्या आचेवरच ते मऊ, साईसारखं होतं. आणि तू? अंडं ओतलंस की तुझा हात आपोआप झाकणाकडे जायचा. "एक वाफ येऊ दे गं." आपल्या बायकांना प्रत्येक गोष्टीला एक वाफ द्यायची असते. पोह्यांना वाफ, उसळीला वाफ, भाताला वाफ. झाकण ठेवलंस, गॅस बारीक केलास, आणि झाकण काढलं की आत भुर्जी. लांब लांब शेवयांना चिकटलेली अंड्याची भुर्जी.

"कच्चं राहील ना."

"कच्चं राहत नाही, शुभे."

"पोरीला काही झालं म्हणजे? आधीच ती तिकडे एकटी राहते."

कितीतरी अष्टम्या आपण याच वाक्यांवर भांडलो. मी झाकणं लपवून ठेवली तर तू वरून परात उपडी घातलीस. आठवतं? मी तुझ्या हातातून परात ओढली, तू सोडेनास, दोघी साठीला टेकलेल्या बायका, आणि मध्ये ती गरम कढई. शाळेत असताना मुंज तलावाच्या काठी एका बोरासाठी अशाच भांडायचो. त्या दिवशी मात्र आपण हसलो, आणि मग तू ओट्याला टेकून रडलीस. मी पाठीवर हात ठेवला तर झिडकारलास. म्हणालीस, "शिकवायचं सोडून नाटकं काय करतेस?"

आणि एवढं करून तू स्वतः चव घेत नव्हतीस! करायचं तू, खायचं मी आणि आमच्या यांनी. बोटं साबणानं धुवायचीस, पुन्हा कुंकू लावायचीस आणि इंदूरची बस पकडायचीस. एकदा तर अंडी संपली म्हणून तू स्वतः कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेलीस, पदर पार भुवयांपर्यंत ओढून. ठेलेवाल्याला म्हणालीस, "भिया, बहू के लिए चाहिए. मैं नहीं खाती." तो बिचारा म्हणाला, "मैंने कब पूछा, माताजी?" हे तू मला सांगितलंस तेव्हा मला वाटलं, आता ही बाई माणसात आली. आता फोन करेल.

मी तुला काय सांगत होते? की पास्ता गेला खड्ड्यात. पोरीला फोन कर. म्हण, चुकलं माझं. एवढंच. तर म्हणायचीस, नुसतं तोंडानं बोलून काय होतं, करून घातलं पाहिजे. मी म्हणायचे, मग तिला इथे बोलव, भुर्जी झालेली घाल. तर म्हणायचीस, "तसं नाही गं. बिघडलेलं कसं घालू? एकदा फेकलं, आता बिघडलेलं घालू?" मी तेव्हा ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, सासूचा धाक आहे. बरं, सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं. तुझ्या नवऱ्याचं तर नावच काढू नकोस. तो माणूस बसस्टँडवर आम्लेट-पाव खातो हे अख्ख्या धारला माहीत आहे, तुलाही. मग कुणाची भीती होती तुला? घरात उरलंच कोण होतं?

आता खरं बोलू? तू घाबरत होतीस. सासूला नाही, देवीला नाही. रेवती "पोट भरलंय गं आई" म्हणेल, याला. आणि पास्ता जमत नाही हे तुला बरंच होतं. जमेपर्यंत फोन करायला नको.

हे मला कळलं तुझ्या शेवटच्या अष्टमीला. तू आलीस, न बोलता पाणी उकळायला ठेवलंस. मी भाजी निवडत बसले होते, म्हटलं, हिच्या वाफेच्या नादाला आता आपण लागायचं नाही. बघते तर तू गॅस बंद केलास. खटकन. अंडं ओतलंस, आणि हात झाकणाकडे गेला नाही. दोन्ही हातांनी हलवत राहिलीस, पाण्याचा शिपका देत राहिलीस, ओठ घट्ट मिटलेले. आणि झालं गं. झालं ते! पिवळं, चकचकीत, एक गुठळी नाही. मी उठून उभी राहिले. तू काट्यानं एक शेवई उचललीस, डोळे मिटलेस आणि तोंडात घातलीस. आयुष्यात पहिल्यांदा. चावलीस, गिळलीस आणि म्हणालीस, "मीठ कमी आहे."

मी धावत जाऊन तुझाच फोन आणला, रेवतीचा नंबर काढला, तुझ्या हातात दिला. "लाव. आत्ता लाव. सांग तिला, पुढच्या सुट्टीत मंगलमावशीकडे ये." तू त्या नंबराकडे बघत राहिलीस. आणि फोन पदराला पुसून पिशवीत टाकलास. "आज नको. आज जमलं, उद्या बिघडेल. अजून एकदा करून बघू. पुढच्या अष्टमीला."

मी तुझ्यावर ओरडले. खूप ओरडले, शेजारच्यांनी ऐकलं असेल. तू चपला घातल्यास आणि गेलीस. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. आणि पुढची अष्टमी यायच्या आत तू देवघरात बसल्या बसल्या कलंडलीस. सगळे म्हणाले, काय भाग्याचं मरण! भाग्याचं? तोंड बघावंसं वाटेना मला त्या सगळ्यांचं. तुझंसुद्धा. तू शांत पडली होतीस आणि मला तुला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

उठावन्यानंतर मी रेवतीला बाजूला घेतलं. म्हटलं, तेरावं झालं की जाताना देवासला ये. ती म्हणाली, "मावशी, विमानतळ इकडेच आहे, तुझ्याकडे यायचं म्हणजे अख्खं इंदूर ओलांडून उलटं यावं लागेल." म्हटलं, ये उलटी. आली.

मी देवीची शपथ मोडली, शुभे. देवीशी माझं मी बघून घेईन. तुझ्याशी भांडायला तू आहेस कुठे? रेवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी दिलेलं पाणी पिऊन झालं होतं. माझ्याकडे ती नेहमीच प्यायची. मी पाणी उकळायला ठेवलं आणि सांगायला लागले. स्पॅगेटी मोडण्यापासून. फोडणी, सेव, वाफ, परात, ठेलेवाला, सगळं. ती हसली नाही, रडली नाही. मी गॅस बंद केला, अंडं ओतलं, हलवलं, चांगलं झालं. ताटली टेबलावर ठेवली. म्हटलं, ये बस.

ती म्हणाली, "मावशी, मी अंडं खात नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही गडबड झाली. तिनं पुन्हा सांगितलं. "त्या दिवाळीपासून नाही खाल्लं. हॉस्टेलवर गेल्यावर करून बघितलं होतं. वास आला की उकिरडाच दिसायचा. सोडून दिलं."

ऐकलंस? ऐकलंस का तू? तू इकडे महिन्यामागून महिने अंडी फोडत होतीस, आणि पोरीनं तिकडे अंडंच सोडलं होतं. एका फोनमध्ये कळलं असतं! "काय खातेस गं हल्ली?" एवढं विचारलं असतंस तरी कळलं असतं. मी तुझी वकिली करायला त्या पोरीला एवढ्या लांबून बोलावलं होतं! मी खुर्चीवर बसले, आणि तुला, गेलेल्या माणसाला, तोंडात येतील त्या शिव्या दिल्या, तिच्यासमोर. मूर्ख म्हटलं, भित्री म्हटलं. रेवती ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "मावशी, एक सांग. आई कधी म्हणाली का, की माझं चुकलं?"

शुभे, मला हो म्हणायचं होतं. किती सोपं होतं गं. तुझ्यासाठी मी काय काय थापा मारल्या होत्या. तुझ्या नवऱ्याला फोनवर सांगत होते, हो हो, अजून टेकडीवरच आहे, आरती चाललीय. अजून एक मारायला काय जात होतं? पोरीला आयुष्यभर पुरली असती. मी तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि जमलं नाही मला.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यासमोर तरी नाही. एकदाही नाही म्हणाली."

तिनं ताटलीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं. हो म्हणाली असतीस ना, तर बाकीचंही सगळं खोटंच वाटलं असतं मला. हे पास्ताचं वगैरे. आई 'चुकलं' म्हणेल हे शक्यच नाही." आणि तिनं खुर्ची ओढली. ताटली पुढे घेतली. पहिला घास तोंडात धरून बसली, गिळवेना. मी म्हटलं, राहू दे बाळा. तिनं मान हलवली आणि गिळला. मग दुसरा. गार झालं होतं, घट्ट झालं होतं, तरी खात राहिली, नाक पुसत, सगळं. ताटली स्वच्छ केली तिनं.

खाल्लं गं तिनं, शुभे. समोरची खुर्ची तुझी होती, मी तिथे बसले होते. हे मी तुला कधीही माफ करणार नाही.